रक्तातील वाढलेले कॅल्शियम : अर्थ आणि आपली जबाबदारी

संपूर्ण शरीरतपासणीची पॅकेजे सर्वत्र रुजल्यापासून रुग्ण हाती अहवालांची चळत घेऊनच चिकित्सालयात येतात. त्यात एखाद्या ओळीत 'कॅल्शियम ११.२' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि रुग्ण समाधानाने म्हणतो, "म्हणजे हाडे बळकट आहेत ना?" हा समज तेथेच दूर करणे आपले कर्तव्य आहे. रक्तात वाढलेले कॅल्शियम पुष्कळदा हाडांतूनच उपसले गेलेले असते. रक्त संपन्न आणि अस्थी दरिद्री, अशी ती अवस्था असते.

प्रौढांमध्ये एकूण कॅल्शियमचे प्रमाण साधारणतः ८.५ ते १०.५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर असते. त्यातील सुमारे ४० टक्के भाग प्रथिनांशी, मुख्यतः अल्ब्युमिनशी, बद्ध असतो. म्हणून अल्ब्युमिन पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये. अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्यातील प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवावे. कॅल्शियम १०.२ व अल्ब्युमिन २.५ असलेल्या कृश रुग्णाचा अहवाल वरवर निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात तो आकडा ११.४ होतो. उलटपक्षी, शरीरातील जलांश घटल्याने किंवा रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवल्यानेही आकडा फुगतो. यास्तव तपासणी एकदा पुन्हा करून घ्यावी. शक्य असल्यास आयोनाइज्ड कॅल्शियम पाहावे.

वाढ निश्चित झाल्यास पुढची पायरी पॅराथायरॉइड हार्मोनची, म्हणजे पीटीएचची. या ग्रंथींची अतिक्रियता आणि कर्करोग ही दोनच कारणे सुमारे ९० टक्के रुग्णांत आढळतात. कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएच वाढलेले किंवा केवळ 'नॉर्मल' असले, तरी संशय ग्रंथींवरच जातो. कारण निरोगी ग्रंथींनी अशा वेळी स्राव आवरता घेतला असता. पीटीएच दबलेले असेल तर कर्करोग, क्षय, सारकॉइडोसिस आणि ड जीवनसत्त्वाचा अतिरेक यांचा शोध घ्यावा. रक्तदाबासाठीची थायाझाइड वर्गातील औषधे व लिथियम यांचीही चौकशी करावी.

लक्षणे आपल्या नित्य परिचयाची आहेत : तृष्णा, बहुमूत्रता, मलावष्टंभ, हृल्लास, अस्थिशूल, दौर्बल्य. त्यामुळेच फसगत होते. प्रत्येक लक्षणाची स्वतंत्र चिकित्सा चालू राहते आणि मूळ हेतू दडून राहतो. वारंवार अश्मरी होणाऱ्या रुग्णाचे कॅल्शियम एकदा तरी तपासलेच पाहिजे.

आता आपल्या स्वतःच्या फडताळाकडे वळू. शंखभस्म, कपर्दिकभस्म, मुक्ताशुक्ती व प्रवाळपिष्टी ही सर्व मुख्यतः कॅल्शियमचीच द्रव्ये होत. प्रवाळपंचामृत व मौक्तिकयुक्त कामदुधा यांत ती एकत्र येतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात ४० टक्के कॅल्शियम असते. योग्य मात्रेत व मर्यादित काळ दिलेली ही औषधे गुणकारी आहेत, असे आमचे मत आहे. परंतु अम्लपित्ताचा रुग्ण तीच महिनोन्‌महिने स्वतःच विकत घेतो, जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या घेतो आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० युनिटांची ड जीवनसत्त्वाची पुडी रोज घेऊ लागतो, तेव्हा धोका उभा राहतो. १९१५ साली अमेरिकेत डॉ. सिप्पी यांनी जठरव्रणासाठी दूध व क्षार यांचा उपचारक्रम मांडला. १९२३ पर्यंत त्याचे विषारी परिणाम नोंदले गेले होते. कॅल्शियम आणि क्षार यांच्या अतियोगाने वृक्क दुखावतात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, ही कल्पे वारंवार नेणाऱ्या ग्राहकास "आणखी काय घेता?" एवढे अवश्य विचारावे आणि त्यास वैद्याकडे पाठवावे. वैद्यांनी कॅल्शियम वाढलेले दिसताच ही द्रव्ये व कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाच्या पुरवण्या थांबवाव्यात, क्रिअ‍ॅटिनिन तपासावे व कारण सापडेपर्यंत पाठपुरावा करावा. आकडा १४ च्या वर असल्यास, किंवा त्याहून कमी असूनही बुद्धिभ्रम, तंद्रा वा सतत वमन असल्यास, विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. तेथे शिरेवाटे द्रव देणे अगत्याचे असते.

निदानाआधी चिकित्सा नको, हा आपल्या शास्त्राचा दंडक प्रयोगशाळेच्या अहवालालाही तितकाच लागू आहे.