मोटारसायकलवर जीपीएस : आधी फ्यूज पाहा

कापडाचे नमुने घेऊन गावोगाव फिरणारी मोटारसायकल कुठे आहे, हे पेढीवर बसून कळावे म्हणून अनेक व्यापारी बंधू तिच्यावर जीपीएस यंत्र बसवून घेतात. नुकसान होते ते बहुधा घाईघाईच्या वायरिंगमुळे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संकेत फार क्षीण असतो. म्हणून यंत्र सीटखाली, अँटेनाची बाजू वर करून, इंजिन व सायलेन्सरपासून दूर बसवावे. वर फोम किंवा प्लॅस्टिक चालेल, लोखंडी पत्रा नको.

लाल वायर साधारणपणे १२ व्होल्ट बॅटरीच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला जाते. इग्निशनची वायर चावी फिरवल्यावरच करंट येतो तिथे जोडावी. लाल वायरीत, बॅटरीलगतच, माहितीपत्रकात दिलेल्या अँपिअरचा फ्यूज हवाच. तो नसला आणि वायर घासून फ्रेमला लागली, तर गाडी पेटू शकते. माल तर जाईलच, माणसाच्या जिवावरही बेतेल.

गाडी बंद असतानाही यंत्र थोडा करंट खाते. फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी अधूनमधून चार्ज करावी.

मिस्त्रीला मजुरी देण्यापूर्वी सीट उचलून फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.