जिऑलॉजीचा तास आणि मामांची विहीर

सिव्हिलच्या पोरांना इंजिनिअरिंग जिऑलॉजी हा विषय कसा वाटतो ते वेगळं सांगायला नको. लॅबच्या कपाटात नंबर चिकटवलेले दगड, जर्नलमध्ये त्यांची नावं, आणि व्हायवाला एक्स्टर्नलने नंबरवर बोट ठेवलं की सगळ्यांची विकेट! ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट... यातला एकही दगड मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी पायाखाली सापडत नाही. जो सापडतो तो बसाल्ट, आणि त्याला जर्नलमध्ये अर्धं पान.

म्हणून हा लेख. हा विषय वर्गात हाताने करून कसा शिकता येतो ते सांगायचंय. कॉम्प्युटर-मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, कारण मे महिन्यात हॉस्टेलची टाकी रिकामी झाली की ब्रँच कोणी विचारत नाही.

आधी एक नियम. प्रयोग करण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी त्यावर भांडायचं, आणि मगच हात घालायचा. नाहीतर उत्तर दिसल्यावर सगळेच 'मला माहीतच होतं' म्हणतात. अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये या पद्धतीला थिंक-पेअर-शेअर असं नाव दिलं. आपल्या मेसच्या टेबलावर ती रोज चालते, फक्त विषय क्रिकेट असतो.

सगळ्यात सोपा प्रकार सुतळीचा. ४६ मीटर सुतळी घ्या आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, पुरली नाही तर जिन्यातून खाली, ताणून धरा. पृथ्वीचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं, म्हणजे एक सेंटिमीटरला दहा लाख वर्षं. आता दख्खनचा लाव्हा कुठे येतो ते लिहा. बहुतेक जण सुतळीच्या मध्यावर बोट ठेवतात. प्रत्यक्षात तो शेवटच्या टोकापासून जेमतेम ६६ सेंटिमीटरवर आहे. आणि माणूस शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये! गाठीतच संपला.

दुसरा प्रयोग विटेचा. फळीवर सँडपेपर चिकटवा, त्यावर वीट ठेवा, विटेला रबर बांधा आणि रबर हळूहळू ओढत राहा. वीट हलत नाही, हलत नाही, आणि एकदम उडी मारते. आपण सारख्याच वेगाने ओढतोय, तरी उडी कधी येणार ते सांगता येत नाही. भूकंपाचं भाकीत का जमत नाही हे दोन तासांच्या लेक्चरने कळलं नसतं, ते इथे पाच मिनिटांत कळतं. यानंतर किल्लारीचं नाव घ्यावं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२. गणपती विसर्जनाची रात्र संपत आलेली, आणि दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. त्याआधीच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो झोन तीनमध्ये आला. म्हणजे वीट बरीच वर्षं हलली नाही याचा अर्थ रबर ताणलेलं नाही असा होत नाही.

आता माझा आवडता भाग, पाणी.

एकसारख्या तीन बरण्या घ्या. एकीत खडी, दुसरीत नदीची वाळू, तिसरीत वाळवून बारीक केलेली काळी माती. प्रत्येकीत किती पाणी मावेल? लिहा. मग मोजून ओता. लिटरभर खडीत साधारण चारशे मिलिलिटर पाणी मावतं, यावरच अर्धा वर्ग हरतो. खरी गंमत पुढे आहे. बरणीला खाली भोक पाडा, जाळी लावा आणि किती पाणी परत मिळतं ते मोजा. खडी जवळजवळ सगळं परत देते, वाळू बरंचसं. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि धरून बसते. मावणारं पाणी आणि मिळणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात त्यांना पोरॉसिटी आणि स्पेसिफिक यील्ड म्हणतात, पण बरणी पाहिल्याशिवाय त्या दोन व्याख्या एकमेकींत मिसळतातच.

चौथी 'बरणी' म्हणजे विहीर. अंबड तालुक्यात अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याची वसाहत आहे, गोदावरी जवळच. तिथे माझ्या मामांची साठ फूट विहीर आहे. आम्ही सातजण तिथे वह्या घेऊन गेलो. नाव कोणी सांगायचं नाही, फक्त जे दिसतं ते वरून खाली काढायचं. (कठडा नसेल तर वाकू नका, पोटावर झोपून बघा.) वर काळी माती. मग पिवळट मुरूम. मग भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढऱ्या गारगोट्या. मग लाल गेरूसारखा पट्टा, आणि त्याखाली काळा पाषाण. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे व्हेसिक्युलर बसाल्ट माहीत होता, पण मुरूम आणि पाषाण हे शब्द विहिरीच्या काठावर मिळाले. खरं सांगायचं तर ते जास्त उपयोगी आहेत.

चित्र झाल्यावर अर्थ लावायचा. लाव्हातला वायू वर चढतो, म्हणून थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि खालचा घट्ट. दोन लाव्हांच्या मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून लाल पट्टा झाला. पाणी साठतं ते मुरमात, सच्छिद्र दगडात आणि भेगांत. घट्ट पाषाणात भेग लागली तर पाणी, नाही लागली तर धूळ! म्हणून एका बोअरला पाणी आणि वीस फुटांवरचा दुसरा कोरडा.

मामांचा प्रश्नही तोच होता. "इंजिनेर बाई, बोअर कुठं घेऊ ते सांग." पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून शेतात चक्कर मारली होती आणि नारळ उभा राहिला ती जागा दाखवली होती. पाणाड्याचं बरोबर कसं येतं? पावसाळ्यानंतर मुरमात जवळपास सगळीकडेच थोडं पाणी असतं, तिथे नारळ कुठेही उभा राहिला तरी चालतो. खाली पाषाणात गेल्यावर नारळाला भेग दिसत नाही, आणि मला तरी काठावरून कुठे दिसते?

मी म्हटलं, "मामा, जागा नंतर, आधी हिशेब करू." हाच वर्गातला शेवटचा प्रयोग, साहित्य फक्त कागद आणि पेन. उसाला वर्षभरात साधारण दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. दोन हजार धरा. पाऊस सातशे, आणि तो सगळा उसाला मिळाला असं उदारपणे मानू. उरले तेराशे. एक हेक्टरला ते १३,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी तीस लाख लिटर. बसाल्टचा स्पेसिफिक यील्ड अंदाजात साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एका हेक्टरखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर मिळतात २०० घनमीटर. तेरा हजार भागिले दोनशे, पासष्ट मीटर!

विहीर आहे अठरा मीटर. उरलेलं पाणी शेजाऱ्यांच्या रानाखालून किंवा जायकवाडीच्या कालव्याच्या पाझरातून येतं. धरण भरलं तर ठीक. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, तेव्हा टँकरवर झाडं जगवायची वेळ आली होती. नवीन बोअर पाणी तयार करत नाही, त्याच दोन टक्क्यांत दुसरी नळी घालतो.

आमच्या सातजणांत चौघं शेतकऱ्यांच्या घरचे. त्यांनी तिथेच बांधावर बसून आपापल्या कापसाचा, मोसंबीचा हिशेब काढला. मामांनी मला भागाकार दोनदा करायला लावला, मग तिसऱ्यांदा स्वतः केला. बोअरचं अजून ठरलेलं नाही. ठिबकचं कोटेशन मात्र त्यांनी आणलंय.