चिरडलेल्या पेशींवर सही नाही

बाटलीवरच्या चिठ्ठीत एवढंच होतं: घास अडकतो, अन्ननलिकेत गाठ. केळघरचा घाट उतरून आलेल्या महाबळेश्वरकडच्या रुग्णाला साताऱ्यात दुर्बीण टाकून काढलेले तुकडे फॉर्मॅलिनच्या तळाशी होते, तांदळाच्या कणीएवढे. रात्रभर ते अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेल्या मेणातून गेले. सकाळी टेक्निशियननं ब्लॉक मायक्रोटोमवर चढवून तीन-चार मायक्रॉनची फीत कापली, कोमट पाण्यावर पसरली आणि काचेवर उचलली. मग रंग: हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी-जांभळी, इओसिननं बाकीचं गुलाबी.

आपल्याकडे अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेक करून स्क्वॅमस. त्याच्या पेशी ऐसपैस, मधूनच केराटिनची गुलाबी वर्तुळं. इथे तसलं काही नव्हतं. वरचं अस्तर शाबूत आणि त्याखाली लहान, गडद केंद्रकांची दाटी. पेशीद्रव नावालाच, केंद्रकं एकमेकांना दाबून वाकडी झालेली, आतला रंग बारीक रवाळ. विभाजन चाललेल्या पेशी जिकडेतिकडे. एका कडेला तर बायोप्सीच्या चिमट्यानं पेशी फरपटून नुसत्या जांभळ्या रेघा उरलेल्या.

"स्मॉल सेल कर्करोग ना, मॅडम?" मी आमच्या पॅथॉलॉजिस्टना विचारलं.

"वाटतंय तसं. पण चिरडलेल्या भागावर मी सही करत नाही. लिम्फोमाही असाच चिरडतो."

मग शाबूत पेशींचा भाग निवडून इम्युनो लावलं, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन उमटले, म्हणजे स्मॉल सेलला दुजोरा. एलसीए कोरं, म्हणजे लिम्फोमा बाद. पी४० कोरं, म्हणून बेसलॉइड स्क्वॅमसही मागे पडला. फुप्फुसातल्या स्मॉल सेलमध्ये दिसणारं टीटीएफ-१ उमटलं, पण तेवढ्यावरून फुप्फुसाला दोषी धरता येत नाही. अन्ननलिकेतल्या स्मॉल सेलमध्येही ते उमटतं. मूळ गाठ कुठली, हे छातीचा सीटी स्कॅन पाहिल्याशिवाय ठरत नाही.

अन्ननलिकेतला हा प्रकार मॅककिऑन यांनी १९५२ मध्ये प्रथम नोंदवला. अन्ननलिकेच्या शंभर कर्करोगांत असा एखाद-दुसराच. तो झपाट्यानं पसरतो, त्यामुळे उपचारांचा मुख्य भार केमोथेरपी आणि रेडिएशनवर. स्क्वॅमसचा आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

"रिपोर्टला एवढे दिवस का?" नातेवाइकांचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "घाईत चुकीचं नाव दिलं असतं, तर उपचारही त्या चुकीच्या नावाचे झाले असते." मग त्यांनी निदानाखाली एक ओळ वाढवली: छातीच्या सीटी स्कॅनशी पडताळून पाहावे. आणि सही केली.