भोपाळच्या अंगणातला पारिजातक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरकडील कितीतरी मराठी कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे इकडे आली. आपला पारिजातक मात्र येथे आधीपासूनच होता. त्याला येथे हरसिंगार म्हणतात. मध्य भारताच्या डोंगररानांत तो आपला आपण वाढतो. म्हणून अंगणातही त्याचे फार लाड करावे लागत नाहीत.

रोप पावसाळ्याच्या आरंभी लावावे. चपट्या फळातले बी रुजते, फांदीही लागते. येथील काळी माती पाणी धरून ठेवते आणि तुंबलेले पाणी याच्या मुळांना सोसत नाही. म्हणून मी खड्ड्यात मुरूम व शेणखत मिसळतो आणि रोप जरा उंचवट्यावर बसवतो. ऊन भरपूर हवे.

खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. पाने झडतात, झुडूप मेल्यासारखे दिसते आणि पुष्कळ जण ते तोडून टाकतात. तसे करण्यापूर्वी नखाने साल थोडी खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले, तर कोयता ठेवून द्यावा. पावसाबरोबर खरखरीत पाने फुटतात. शरदात सायंकाळी पांढरी फुले उमलतात आणि पहाटे केशरी देठांचा सडा पडतो.

भुईवर पडलेले फूल देवाला चालते, ते पारिजातकाचेच. झाड सत्यभामेच्या दारी, फुले रुक्मिणीच्या अंगणी, ही कथा आपण जाणतोच. तेव्हा रोप कुंपणालगत लावावे. थोडा सडा शेजारीही पडू द्यावा.