बिसावची भातशेती आणि लिस्बनची क्रांती

विसाव्या शतकातील क्रांत्यांवरचे आपल्याकडचे लेखन लेनिन, माओ, हो ची मिन्ह आणि कॅस्ट्रो यांच्याभोवतीच घोटाळत राहते. आफ्रिकेचा विषय निघालाच, तर एन्क्रुमांपासून सुरुवात करून मंडेलांपाशी थांबायचे असा रिवाज पडला आहे. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला आणि १९६६ साली एन्क्रुमा परदेशी असताना लष्कराने सत्ता घेतली. फ्रेंच गिनीच्या सेकू तुरे यांनी १९५८ साली द गॉल यांच्या फ्रेंच समुदायात राहण्यास नकार दिला आणि पुढे स्वतःच एकाधिकारशाही चालवली. यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते पोर्तुगीज गिनीच्या, म्हणजे आजच्या गिनी-बिसावच्या, आमिल्कार काब्रालविषयी. राजधानी हाती येण्याआधी नेत्याने गावात काय उभारले, यावरून त्याची योग्यता ठरवावी असे मी मानतो, आणि या कसोटीवर त्या पिढीत काब्रालच्या तोडीचे फार थोडे निघतील.

काब्राल लिस्बनमध्ये शिकलेला कृषितज्ज्ञ. १९५३ साली वसाहतीच्या शेतीगणनेचे काम त्याच्याकडे आले आणि पोर्तुगीज सरकारच्याच खर्चाने तो गावोगाव हिंडला. कोण काय पिकवतो, जमीन कोणाच्या ताब्यात आहे, निर्यातीच्या भुईमुगाचा फायदा कोणाला, हे त्याने बांधावर उभे राहून पाहिले. तिथले बालांता शेतकरी खारफुटी तोडून मातीचे बांध घालतात आणि पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात लावतात. गोव्यातली खाजने ज्याने पाहिली आहेत त्याला ही शेती परकी वाटणार नाही. बालांतांमध्ये वंशपरंपरागत मुखिया नसतो, वडीलधारे मिळून निर्णय घेतात. फुला समाजात मात्र सरदार आणि त्यांच्यासाठी राबणारे शेतकरी अशी उतरंड होती. पुढे लढ्याला पहिला भक्कम आधार बालांतांनी दिला आणि बहुतेक फुला सरदार पोर्तुगिजांकडे राहिले, तेव्हा या पाहणीचे मोल कळले.

काब्रालचा पक्ष १९५६ साली स्थापन झाला. ३ ऑगस्ट १९५९ रोजी बिसावच्या पिजिगीती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार होऊन सुमारे ५० जण मारले गेले, तेव्हा शहरातला लढा थांबवून पक्ष खेड्यांकडे वळला. १९६३ साली युद्ध पेटले. वर्षभरातच काही सेनानी आपापल्या भागात मनमानी करू लागले. फेब्रुवारी १९६४मध्ये कासाका येथे, रणधुमाळीतच, काब्रालने अधिवेशन भरवून त्यांना जाब विचारला आणि बंदूक पक्षाच्या आज्ञेत आणली. मुक्त भागात पाच जणांच्या ग्रामसमित्या होत्या आणि त्यांत किमान दोन स्त्रिया असाव्यात असा नियम होता. शाळा होत्या, गावन्यायालये होती आणि तांदूळ देऊन कापड-मीठ नेता येईल अशी लोकदुकाने होती. काब्रालवर लिहिताना हे दुकान वगळणाऱ्यांना त्याचे राजकारण समजलेले नाही. अलीकडे नेत्यांवरचे लेख भाषणांच्या उताऱ्यांनी आणि छायाचित्रांनी भरलेले असतात. गावात मीठ कोण पोचवत होते हे विचारण्याची सवयच आपल्या अभ्यासकांनी सोडली आहे.

या लढ्याने पुढे पोर्तुगालमधली हुकूमशाहीही उलथवली, असे मी मानतो. यावर काही विद्वान म्हणतात, २५ एप्रिल १९७४ची लिस्बनमधली क्रांती अधिकाऱ्यांच्या बढतीच्या तक्रारीतून झाली, तिचे श्रेय आफ्रिकेला कशाला? तक्रार खरी होती. सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना कायम सेवेतल्यांच्या बरोबरीने ज्येष्ठता देणारा हुकूम १९७३ साली निघाला आणि कॅप्टन बिथरले. पण तो हुकूम काढावा का लागला? अंगोला, गिनी आणि मोझांबिक या तीन आघाड्यांवर अधिकारी पुरेनासे झाले होते म्हणून. त्याच वर्षी गिनीत क्षेपणास्त्रांनी पोर्तुगीज विमाने पाडली जाऊ लागली. गिनीचे गव्हर्नर राहिलेले जनरल स्पिनोला यांनी फेब्रुवारी १९७४मध्ये पुस्तक लिहून, लष्करी विजय शक्य नाही असे जाहीर केले. बढतीची तक्रार ही ठिणगी होती, दारू तेरा वर्षांच्या युद्धाने साठवली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वातंत्र्यानंतर सहाच वर्षांत, नोव्हेंबर १९८०मध्ये, गिनी-बिसावमध्ये लष्करी उठाव झाला आणि ते दुष्टचक्र पुढेही चालू राहिले. मग गावातल्या बांधणीचे काय झाले? पक्षातल्या केप व्हर्द बेटांवरच्या आणि गिनीतल्या कार्यकर्त्यांमधली तेढ काब्रालला मिटवता आली नाही, हे मान्य करावे लागते. २० जानेवारी १९७३ रोजी तुरेंच्या गिनीतल्या कोनाक्रीत त्याचा खून पक्षातल्याच माणसांनी केला. मात्र स्वातंत्र्यानंतर पक्ष बिसावच्या कचेऱ्यांत जाऊन बसला आणि ग्रामसमित्या वाऱ्यावर सोडल्या गेल्या. त्या अपयशाचा दोष समित्यांवर टाकणे अन्यायाचे आहे.

गोव्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. एप्रिल १९६१मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींनी एकत्र संघटना उभारली, तिच्यात गोव्याच्या चळवळीही होत्या, आणि मूळ गोव्याचे आकिनू द ब्रागांझा तिच्या कामात अग्रभागी होते. डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने ते मानले नाही. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९६९पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. लिस्बनमधली सत्ता उलथल्यावरच हा हट्ट सुटला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियू सुआरिश यांनी करारावर सह्या केल्या आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले.