गुठळी, सूज आणि वेळ

2021च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, डी-डायमर हा रक्तातल्या गुठळीची खूण सांगणाऱ्या तपासणीचा शब्द कोकणात घरोघरी पोचला. ‘रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन’ पोटावर टोचतात, हेही लोकांना कळलं. पण आजारी फुप्फुसावर गुठळी रोखणारी औषधं वापरून पाहण्याचा उद्योग त्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्यात यशापेक्षा फजितीच जास्त.

त्या इंजेक्शनच्या मुळाशी असलेलं हेपरिन 1916 साली जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. 1967 मध्ये अ‍ॅशबॉ आणि सहकाऱ्यांनी बारा रुग्णांवरून ‘एआरडीएस’चं, म्हणजे फुप्फुसं सुजून श्वास अचानक अपुरा पडण्याच्या आजाराचं, वर्णन केलं. अशा फुप्फुसात वायुकोशांना आतून फायब्रिनचा थर चढतो. सुजेमुळे रक्त गोठतं आणि गोठताना तयार होणारं थ्रॉम्बिन सूज आणखी वाढवतं. मग गोठणं थांबवलं की सूजही उतरेल, हा तर्क सरळच होता. रुग्णांच्या शरीरांनी तो मानला नाही. 2001 मध्ये सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) 2314 रुग्णांवरची, गोठणं रोखणाऱ्या अँटिथ्रॉम्बिनची चाचणी निष्फळ ठरली. त्याच वर्षी अशाच दुसऱ्या औषधाने, अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सीने सेप्सिसमधले मृत्यू 30.8 टक्क्यांवरून 24.7 टक्क्यांवर आणल्याचा गाजावाजा झाला. पुढच्या चाचणीत तो फायदा दिसेना, तेव्हा 2011 मध्ये कंपनीने औषधच मागे घेतलं.

कोविडने जुना प्रश्न पुन्हा उकरला. ऑगस्ट 2021 मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल छापून आले. दाखल झालेल्या, पण अजून अतिदक्षता विभागात न गेलेल्या रुग्णांना पूर्ण मात्रेतलं हेपरिन उपयोगी पडलं. अतिदक्षता विभागात पोचलेल्यांना पडलं नाही. तोवर आपली दुसरी लाट ओसरलीही होती!

औषध तेच, रुग्ण कधी पोचला एवढाच फरक. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या आगरदांड्याला हे वेगळं सांगायला नको. समोर खाडीपलीकडे दिघी, पण जिल्हा रुग्णालय अलिबागला, पन्नास-साठ किलोमीटरवर. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळाने याच किनाऱ्यावर झाडं-खांब आडवे केले, तेव्हा तर तो रस्ताही भरवशाचा राहिला नाही.

याच जिल्ह्यात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून माणसं दगावत होती. त्यांनी वापरलेलं प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतं, गुठळीशी त्याचा संबंध नाही. पण ती साधी गोळी जवळच्या दवाखान्यात, वेळेवर देता येत होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं किनारपट्टीच्या कामाचं पान ते आहे.

हेपरिनकडे परतायचं तर, नेब्युलायझरमधून थेट फुप्फुसात हेपरिन देण्याची ऑस्ट्रेलियातली 256 रुग्णांची चाचणीही 2021 मध्येच छापली गेली. मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, तरी फुप्फुसाची इजा कमी वाढली आणि अधिक रुग्ण घरी परतले. अतिदक्षता विभागात आज हेपरिन दिलं जातं ते मुख्यतः पायातली गुठळी टाळायला. एआरडीएसवरचा मान्य उपचार ते अजून नाही.