पोटॅशियमचे द्वार आणि इन्सुलिनचा स्राव

मधुमेही रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अथवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी एखादी गोळी त्याला आधीच चालू असते. ही गोळी शरीरात नेमके कोठे कार्य करते, हे वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या आवरणात पोटॅशियमला बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म द्वारे असतात. प्रत्येक द्वार आठ प्रथिनांचे बनलेले असते. त्यांतील चार प्रत्यक्ष मार्ग तयार करतात, तर उरलेली चार त्याचे नियमन करतात. रक्तशर्करा कमी असताना यांतील पुरेशी द्वारे उघडी राहतात, पोटॅशियम बाहेर जात राहते आणि पेशीचा अंतर्भाग ऋणभारित राहतो. भोजनोत्तर शर्करा पेशीत शिरते, तिच्या ज्वलनातून एटीपी हे ऊर्जाद्रव्य वाढते आणि त्यायोगे ही द्वारे मिटतात. ऋणभार घटताच कॅल्शियमची द्वारे उघडतात व आत आलेल्या कॅल्शियममुळे साठवलेले इन्सुलिन रक्तात सोडले जाते.

१९८३ साली अकिनोरी नोमा यांनी असे द्वार प्रथम हृदयपेशींत दाखविले. १९८४ मध्ये ते बीटा पेशींत आढळले आणि शर्करेमुळे ते मिटते, हे फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी सिद्ध केले. वर उल्लेखिलेल्या सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या नियामक प्रथिनास चिकटून हेच द्वार बंद करतात. मात्र त्या शर्करेची वाट पाहत नाहीत. म्हणूनच रुग्णाने लंघन केले अथवा भोजन चुकविले, तरी इन्सुलिन स्रवतच राहते आणि रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

यातून आपल्या व्यवसायासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अशा रुग्णास लंघन, शोधन अथवा उपवास सांगण्यापूर्वी चालू औषधांची चौकशी करावी व त्याच्या मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे दिसताच रक्तशर्करा तपासावी. रुग्ण शुद्धीवर असल्यास तत्काळ साखर द्यावी, बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता रुग्णालयात न्यावे. दुसरी, वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झालेल्या बालकाची जनुकीय तपासणी आवश्यक समजावी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या द्वाराच्या जनुकात दोष असलेल्या ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन सल्फोनिलयुरियामुळे थांबविता आले.

तिसरी गोष्ट औषधविक्रेत्यांसाठी. २००८ साली सिंगापूरमध्ये बेकायदेशीर कामोत्तेजक औषधांतील भेसळीच्या ग्लिबेनक्लामाइडमुळे मधुमेह नसलेले १५० जण तीव्र अल्पशर्करेने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतील चौघे दगावले. ‘वनौषधी’ अशी चिठ्ठी लावलेले एखादे चूर्ण काही तासांतच शर्करा खाली आणत असेल, तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याची प्रयोगशाळेत परीक्षा करून घ्यावी. परवाना, घटकद्रव्ये व बॅच क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवूच नये. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा दक्षतेनेच राखली जाईल, असे आम्हांस वाटते.